व्हीपीएन लावलं की १०० चे १५ होतात: दोष नेमका कुठे ते कसं शोधायचं

व्हीपीएन म्हणजे तुमचा डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करून दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमार्गे पाठवणारी सोय. तिच्याबद्दलची तक्रार नेहमी जवळपास सारखीच येते. प्लॅन १०० एमबीपीएसचा, स्पीडटेस्टमध्ये ९४-९५ येतात, व्हीपीएन लावलं की १५, आणि रात्री जेवणानंतर बघितलं तर ४. मग कोणी व्हीपीएन बदलतं, कोणी केबलवाल्याशी भांडतं, कोणी नवा राउटर आणतं. पैसे जातात आणि १५ चे १८ होतात.

मुळात ते दोन आकडे एकाच गोष्टीचे नसतात. स्पीडटेस्टचं पान उघडलं की ते जवळचा सर्व्हर स्वतःच निवडतं. व्हीपीएन बंद असताना तो बहुतेकदा तुमच्याच नेट कंपनीचा असतो, म्हणजे डेटा कंपनीच्या हद्दीबाहेर पडतच नाही. व्हीपीएन चालू केल्यावर तुम्ही समजा सिंगापुरात बसलेले दिसता, म्हणून ते सिंगापूरचा सर्व्हर निवडतं. परभणी ते मानवत आणि परभणी ते पुणे या दोन प्रवासांच्या वेळा शेजारी ठेवून गाडीला नावं ठेवण्यासारखं आहे हे. आधी मोजणी नीट करा. ती नीट झाली की निम्मा दोष आपोआप सापडतो.

मोजण्याआधी

वायफायवर मोजू नका. लॅपटॉपला लॅन केबल लावा, फोनचं वायफाय बंद करा, टीव्ही बंद करा. जुन्या माळवदाच्या घरात भिंत दीड-दोन हात जाड असते. तिच्या पलीकडे ५ गिगाहर्ट्झचं वायफाय पोचत नाही आणि फोन गुपचूप २.४ वर जातो. एका अँटेनाच्या फोनला २.४ वर कागदावरच ७२ एमबीपीएस मिळतात, प्रत्यक्षात ४०-४५. पत्र्याच्या खोलीत राउटर बाहेर आणि माणूस आत असेल तर त्याहून कमी. ही घट व्हीपीएनच्या नावावर जाते आणि माणूस चुकीच्या ठिकाणी खणत बसतो.

लॅन लावूनही आकडा ९४-९५ च्या वर जात नसेल आणि प्लॅन १५० किंवा २०० चा असेल, तर कंपनीनं बसवलेल्या डबीचं पोर्ट १०० चं आहे, किंवा केबलमधल्या आठपैकी चारच तारा जोडलेल्या आहेत. एमबीपीएस म्हणजे मेगाबिट. डाउनलोडच्या खिडकीत मेगाबाइट दिसतात, त्यामुळे १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला १२.५ मेगाबाइट हा पूर्ण वेगच आहे. हा घोळ आजही रोज होतो.

लाइट गेलेली असताना मोजू नका. राउटर इन्व्हर्टरवर चालतो, पण लॅपटॉप बॅटरी सेव्हरमध्ये जाऊन प्रोसेसरचा वेग कमी करतो. व्हीपीएनचं सगळं एन्क्रिप्शन प्रोसेसरच करतो, त्यामुळे साधं नेट ठीक आणि व्हीपीएन मंद असं चित्र दिसतं. मे महिन्यात ४२-४३ अंशांत लॅपटॉप तापून हेच होतं.

मोजायचं कसं

ऊकला स्पीडटेस्टमध्ये 'चेंज सर्व्हर' दाबून मुंबईचा एक सर्व्हर निवडा, तोही तुमच्या नेट कंपनीचा नको, दुसऱ्या कंपनीचा. त्याचं नाव लिहून ठेवा. व्हीपीएन बंद असताना आणि चालू असताना, दोन्ही वेळा तोच सर्व्हर. त्याच पानावर 'मल्टी' आणि 'सिंगल' असा पर्याय असतो, दोन्हींनी मोजा. मल्टीमध्ये एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडतात, सिंगलमध्ये एकच. एखादी मोठी फाइल उतरवताना किंवा ऑफिसच्या सर्व्हरवर काम करताना तुमची गाठ सिंगलशी असते.

प्रत्येक मोजणी तीनदा करा आणि मधला आकडा धरा. हे सगळं पहाटे सहाच्या सुमारास एकदा आणि रात्री साडेनऊला एकदा. एवढं लिहून काढलं की वहीचं एक पान भरतं, आणि त्या पानावर पुढचा सगळा तपास उभा राहतो. प्रत्येक ओळीत चार गोष्टी हव्यात: पिंग (डेटाला जाऊन-येऊन लागणारे मिलिसेकंद), डाउनलोड, अपलोड, वेळ. लोक पिंग लिहीत नाहीत. खरं तर सगळ्यात जास्त तीच बोलते.

आधी पिंग बघा

फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन हिशोब केला तर दर १०० किलोमीटरला १ मिलिसेकंद. नांदेड ते मुंबई रस्त्यानं पावणेसहाशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे नुसत्या अंतराचे सहाएक मिलिसेकंद. फायबर सरळ रेषेत जात नाही, वाटेत यंत्रं असतात, म्हणून चांगल्या लाइनवर मुंबईची पिंग १२ ते २५ दिसते. सिंगापूरची ६५ ते ८५, लंडनची १२० ते १५०, अमेरिकेची २०० च्या पुढे. हे आकडे डोक्यात ठेवा, कारण व्हीपीएनच्या ॲपमध्ये लिहिलेल्या देशाच्या नावापेक्षा ते खरे असतात.

आपल्याकडचा सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. ॲपमध्ये 'इंडिया' निवडलं, तिरंगा दिसला, की माणूस समजतो सर्व्हर मुंबईत आहे. २८ एप्रिल २०२२ ला केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं, सर्ट-इननं, आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, दिलेले आयपी (इंटरनेटवरचे पत्ते) वगैरे माहिती किमान ५ वर्षं ठेवायची. त्यानंतर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. एक्सप्रेसव्हीपीएन आणि सर्फशार्कनं त्यांच्या जागी आभासी सर्व्हर आणले: आयपी भारताचा, यंत्र मात्र सिंगापूर किंवा युरोपात. काही ठिकाणी नावातच 'व्हाया सिंगापूर' किंवा 'व्हाया यूके' लिहिलेलं असतं, ते वाचायचं राहून जातं. म्हणजे लातूरहून मुंबईच्या बँकेचं पान उघडताना तुमचा डेटा समुद्राखालून सिंगापूरला जातो, तिथून मुंबईला येतो, आणि उत्तर त्याच वाटेनं परत. अशा वेळी मुंबईच्या त्या ठरवलेल्या सर्व्हरची पिंग १८ वरून १३० च्या पुढे गेलेली दिसेल. हा आकडा दिसला की पुढे सांगितलेल्या प्रोटोकॉल, राउटर, एमटीयू यातलं काहीही तपासायची गरज नाही. जागा बदला.

पिंग वाढली तर वेग का घटतो? टीसीपी (डेटा पोचल्याची खात्री करत पाठवण्याची पद्धत) पोच मिळेपर्यंत ठरावीक डेटाच वाटेत ठेवू शकतं. १०० एमबीपीएस पूर्ण वापरायचे तर २० मिलिसेकंदांच्या वाटेवर एका वेळी अडीचशे किलोबाइट डेटा वाटेत असावा लागतो, २२० च्या वाटेवर पावणेतीन मेगाबाइट. त्यात एखादं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, हरवलं की टीसीपी वेग खाली आणतं, आणि लांबच्या वाटेवर तो पुन्हा वर चढायला फार वेळ लागतो. पॅकेट हरवण्याचं प्रमाण तेच राहून पिंग दहापट झाली, तर एका कनेक्शनचा वेग साधारण दहावा हिस्सा उरतो. म्हणूनच मल्टीमध्ये ८० आणि सिंगलमध्ये ९ असं दिसतं. तसं दिसलं तर बँडविड्थ पुरेशी आहे. अडचण अंतराची किंवा हरवणाऱ्या पॅकेटांची आहे, आणि मोठा प्लॅन घेऊन ती जाणार नाही. कृपा करून त्यासाठी वरचा रिचार्ज मारू नका.

भारतातच सर्व्हर हवा असेल तर दोन वाटा आहेत. ज्या कंपनीचं यंत्र खरंच मुंबईत आहे ती घ्यायची, आणि पैसे परत मिळण्याच्या मुदतीत पिंग मोजून खात्री करायची. किंवा भाड्यानं लहान सर्व्हर घेऊन त्यावर वायरगार्ड (व्हीपीएनचं एक सॉफ्टवेअर) स्वतः बसवायचं. १ जीबी रॅमचा सर्व्हर घरापुरता पुरतो. ॲमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ पासून आहे आणि हैदराबादचं २०२२ पासून. तिथे बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे वेगळे लागतात, ते आधी पाहा. नांदेड, हिंगोली, लातूर इकडच्यांनी एक गोष्ट तपासावीच: नकाशावर हैदराबाद निम्म्या अंतरावर आहे, पण बऱ्याच कंपन्यांची लाइन आधी मुंबईला जाते आणि मग हैदराबादला. तसं असेल तर मुंबईच जवळची. मोजल्याशिवाय निवडू नका.

पहाटे ७०, रात्री ४

वहीतल्या पानावर व्हीपीएनशिवायचा आकडा पहाटे आणि रात्री सारखाच आहे, व्हीपीएनचा मात्र रात्री कोसळतो. हे दिसलं की लोक व्हीपीएन कंपनीला दोष देतात. बहुतेक वेळा दोष गावातल्या लाइनवर असतो, आणि साधी स्पीडटेस्ट तो झाकून ठेवते.

तालुक्याच्या गावातली लहान नेट कंपनी मोठ्या कंपनीकडून बँडविड्थ विकत घेते. यूट्यूब, नेटफ्लिक्स, फेसबुक यांचा डेटा मात्र त्यांनी जवळ ठेवलेल्या कॅश (साठवणीच्या) सर्व्हरवरून किंवा थेट जोडणीवरून येतो. तो स्वस्त आणि भरपूर असतो, म्हणून त्या कंपनीचा बाहेरचा, महागडा पाइप ग्राहकांच्या संख्येच्या मानानं बारीक ठेवला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. रात्री साडेनऊला सगळं गाव यूट्यूब बघतं, अडत नाही. स्पीडटेस्ट आतल्याच सर्व्हरवर किंवा थेट जोडणीवरून होते, तीही अडत नाही. तुम्ही व्हीपीएन लावलं की तुमचा सगळा डेटा, यूट्यूबसकट, त्या बारीक पाइपमधून जायला लागतो. कॅश तुमच्यासाठी संपली.

खात्री करायला व्हीपीएन बंद ठेवा आणि रात्री साडेनऊला हाताने सिंगापूरचा सर्व्हर निवडून मल्टीमध्ये मोजा. तोही पहाटेच्या मानानं कोसळत असेल तर पाइप भरलेला आहे, व्हीपीएन निर्दोष आहे. फास्ट डॉट कॉमनं ही तपासणी होत नाही, कारण ती टेस्ट नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून डेटा आणते, म्हणजे नेमकं कॅशवालं अंग मोजते.

पाइप भरलेला असेल तर तुमच्या हातात दोनच गोष्टी आहेत. पहिली, स्प्लिट टनेल: ज्या ॲपला व्हीपीएन हवंच आहे तेवढंच त्यातून पाठवा, व्हिडिओ बाहेर ठेवा. बहुतेक ॲपमध्ये सेटिंग्जमध्ये हा पर्याय असतो. दुसरी, नेट कंपनी बदलणं. गावात दोन कंपन्या असतील तर शेजाऱ्याच्या लाइनवर रात्री हीच मोजणी करून मग ठरवा. प्लॅनचा आकडा बघून ठरवू नका. आणि एफयूपीची (ठरलेल्या जीबींची) मर्यादा संपल्यावर वेग कमी झाला असेल तर व्हीपीएननं तो वाढत नाही. आतलं काय ते कंपनीला दिसत नाही, किती जीबी गेले ते दिसतं, उलट व्हीपीएनच्या वेष्टनामुळे ते चार-पाच टक्के जास्तच मोजले जातात.

प्रोटोकॉल आणि प्रोसेसर

पिंग ठीक, वेळेचा फरक नाही, तरी वेग निम्मा. आता ॲपमध्ये प्रोटोकॉल, म्हणजे डेटा गुंडाळून नेण्याची पद्धत, बघा. ओपनव्हीपीएन टीसीपी दिसलं तर लगेच वायरगार्डवर या, ते नसेल तर ओपनव्हीपीएन यूडीपीवर (पोच न मागणारी पद्धत). टीसीपीच्या आत टीसीपी गेलं की एक पॅकेट हरवल्यावर दोघंही आपापल्या परीनं ते पुन्हा मागतात, आणि खराब लाइनवर ती गर्दीच वेग खाते. टीसीपी ४४३ ची, म्हणजे सुरक्षित वेबसाइटच्या पोर्टची, गरज तेव्हाच, जेव्हा लाइनवर यूडीपी अडवलं किंवा दाबलं जातं. ते ओळखायचं असं: वायरगार्ड जोडलेलं दिसतं पण डेटा येत नाही किंवा १-२ एमबीपीएसला अडकतो, आणि टीसीपी ४४३ वर तीच लाइन ३०-४० देते.

जुन्या लॅपटॉपवर ओपनव्हीपीएन चालवत असाल तर टेस्ट चालू असताना टास्क मॅनेजर उघडा. ओपनव्हीपीएन परंपरेनं एकाच कोअरवर चालतं. चार कोअरच्या यंत्रावर ते २५ टक्क्यांना टेकलं म्हणजे त्याचा एक कोअर पूर्ण भरला, एकूण प्रोसेसर रिकामा दिसला तरी. प्रोसेसरमध्ये एईएस या एन्क्रिप्शनची खास सोय नसेल तर सायफर (एन्क्रिप्शनची पद्धत) चाचा२० ठेवा, असेल तर एईएस-जीसीएम.

व्हीपीएन राउटरवर बसवलं असेल तर हे फार लवकर होतं. दीड-दोन हजारांच्या राउटरचा प्रोसेसर ओपनव्हीपीएनवर १०-२० एमबीपीएसला धापा टाकतो. साध्या नेटला तोच राउटर ९५ देतो, कारण तिथे पॅकेट पुढे ढकलायचं काम वेगळं हार्डवेअर करतं. व्हीपीएन लावलं की ती सोय बाजूला पडते. तपासणी सोपी आहे: राउटरवरचं व्हीपीएन बंद करा आणि तेच लॅपटॉपवर चालवा. वेग चौपट झाला तर राउटर अपुरा आहे.

जवळच्या सर्व्हरवर, लॅन केबलनं, वायरगार्डवर ९५ चे ८५ ते ९० मिळाले तर ते अगदी योग्य आहे. प्रत्येक पॅकेटवर वायरगार्डचं वेष्टन जुन्या आयपीव्ही४ पत्त्यांवर ६० बाइट आणि नव्या आयपीव्ही६ पत्त्यांवर ८० बाइट असतं. तेवढं जाणारच. तिथे थांबा.

पानं अर्धवट उघडतात: एमटीयू

पिंग चालते, व्हॉट्सॲप चालतं, पण काही साइट गोल गोल फिरत राहतात आणि मोठी अटॅचमेंट जात नाही. हा एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा, दोष. आपल्याकडे पुष्कळ फायबर लाइनी पीपीपीओईवर आहेत, म्हणजे युजरनेम-पासवर्डवाल्या. पीपीपीओई ८ बाइट खातं, त्यामुळे १५०० ऐवजी १४९२ ची जागा उरते. वायरगार्ड १४२० धरून चालतं, म्हणजे वेष्टनासकट १५०० पर्यंत जाऊ शकतं.

व्हीपीएन बंद करून विंडोजची काळी खिडकी, म्हणजे सीएमडी, उघडा. पिंग, मग उणे चिन्ह लावून एफ, उणे चिन्ह लावून एल, मग १४७२, मग १.१.१.१, असं मध्ये मोकळ्या जागा सोडून इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत टाइप करा. उत्तर आलं तर लाइन पूर्ण १५०० ची आहे, कारण १४७२ मध्ये हेडरचे २८ मिळवायचे असतात. 'फ्रॅगमेंट' शब्द असलेली चूक दिसली किंवा उत्तरच आलं नाही तर १४६४ टाका. ते गेलं तर लाइन १४९२ ची. तेही नाही गेलं तर दहा-दहानं उतरत जा. जो सगळ्यात मोठा आकडा जाईल त्यात २८ मिळवा आणि ८० वजा करा. १४९२ च्या लाइनला १४१२ येतं. वायरगार्डच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'इंटरफेस' या भागात एमटीयू बरोबर १४१२ अशी ओळ घाला. ओपनव्हीपीएनला एमएसएसफिक्स (पॅकेटचा आकार बांधणारी सेटिंग) १३६० ठेवून बघा. मोबाइल हॉटस्पॉटवर किंवा फोरजी-फाइव्हजीच्या घरगुती डबीवर सरळ १२८० पासून सुरुवात करा आणि चाललं की वर चढा.

काही वेळ न वापरता ठेवलं की व्हीपीएन मरतं, बंद-चालू केलं की चालतं? लाइनवर बहुधा सीजीनॅट आहे, म्हणजे बाहेरचा एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन (बाहेरच्या बाजूचा) आयपी १००.६४ ते १००.१२७ यापैकी दिसेल. वायरगार्डमध्ये पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारा संदेश) २५ ठेवा.

वेग चांगला पण प्रत्येक पान दोन-तीन सेकंद विचार करून उघडतं, तर डीएनएस (साइटच्या नावावरून आयपी शोधून देणारी सेवा) बघा. ॲपमधला कस्टम डीएनएस काढून व्हीपीएनचाच ठेवा. आणि व्हीपीएन लावून आकड्यात काडीचाही फरक पडला नाही तर खूश होण्याआधी आपला आयपी तपासा. ज्या लाइनवर आयपीव्ही६ आहे तिथे काही व्हीपीएन फक्त आयपीव्ही४ उचलतात आणि टेस्ट आयपीव्ही६ वरून बाहेरच्या बाहेर होते.

ऑफिसचं व्हीपीएन

संभाजीनगर किंवा लातूरला बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे वर सांगितलेलं बरंचसं तुमच्या हातात नसतं. फुल टनेल असेल, म्हणजे सगळा डेटा व्हीपीएनमधूनच जात असेल, तर तुमचा टीम्सचा व्हिडिओ कॉलसुद्धा आधी ऑफिसच्या फायरवॉलला जातो आणि मग बाहेर, आणि सकाळी दहाला शेकडो जण तेच करत असतात. कंपनीच्या लॅपटॉपवर रूट बदलण्याचे उद्योग करू नका, नोकरीचा प्रश्न होतो. आयटीला लेखी विचारा: टनेल फुल आहे की स्प्लिट, मीटिंगचा डेटा टनेलबाहेर ठेवता येईल का, आणि गेटवे, म्हणजे ऑफिसच्या व्हीपीएनचं प्रवेशाचं यंत्र, कोणत्या शहरात आहे. सोबत व्हीपीएन लावून आणि न लावता मोजलेली तीन दिवसांची पिंग द्या. नुसतं 'नेट स्लो आहे' म्हणून पाठवलेलं तिकीट दुसऱ्या दिवशी बंद होतं.

केबलवाल्याला काय सांगायचं

कधी उलटंही घडतं: व्हीपीएन लावल्यावर एखादी साइट जास्त वेगानं चालते. म्हणजे तुमच्या कंपनीची त्या साइटकडे जाणारी वाट वाकडी आहे किंवा भरलेली आहे. हमरस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडली की असं हमखास होतं. डेटा लांबच्या वाटेनं वळवला जातो आणि जोड झाल्यावरही कधी कधी तिथेच राहतो. मुंबईची पिंग एका दिवसात १८ वरून ४५ झाली आणि आठवडाभर तशीच राहिली तर हेच धरा.

कंपनीला फोन करताना व्हीपीएन हा शब्दच काढू नका. तो ऐकला की पलीकडचा माणूस 'आम्ही व्हीपीएनला सपोर्ट देत नाही' म्हणून फोन ठेवतो. व्हीपीएन बंद ठेवून चार गोष्टी द्या: त्याच साइटचा ट्रेसरूट (डेटा कोणत्या वाटेनं जातो त्याची यादी) पहाटेचा आणि रात्रीचा, मुंबईच्या सर्व्हरला १०० पिंगांपैकी किती हरवल्या, डबीच्या पानावर दिसणारी ऑप्टिकल पॉवर (फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद), आणि तारीख-वेळ. पॉवर उणे २७ डीबीएमच्या जवळ असेल, म्हणजे उणे २६ वगैरे, तर लाइनमनला बोलवा: कनेक्टर मळलेला असतो, पिवळी वायर कोपऱ्यात दाबून वळवलेली असते किंवा खांबावरचा जोड खराब असतो. उणे १५ ते २४ असेल तर घरापर्यंतची फायबर ठीक आहे आणि लाइनमन येऊन काही उपयोग नाही. तक्रार वरच्या नेटवर्क विभागाकडे पाठवायला सांगा आणि तक्रार क्रमांक घ्या.